सावलीबाईंनी अंदाजपत्रकात धरलेली खोली

आमच्या वन्सं कुणाच्याही गच्चीवर गेल्या की ऊन बघत नाहीत, सावली बघतात. लोक त्यांना बोलावतात उन्हासाठी. छपरावर सौर पॅनल किती बसतील, वीज किती देतील, खर्च किती येईल आणि तो किती वर्षांत वसूल होईल, एवढं लोकांना हवं असतं. आणि ह्या बाई पोचल्या पोचल्या शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून विचारतात, "थंडीत हिची सावली कुठवर येते?" घरमालकाला काय डोंबल माहीत असणार? म्हणून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं सावलीबाई. वन्संना ते ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग येत नाही. राग मला येतो. पण माझं काय, मला कशाचाही येतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एकटी राहिलेली, एकमार्गी, आणि एकदा डोक्यात घेतलं की मग कुणाच्या बापाचं न ऐकणारी. एका मोठ्या सोलर कंपनीत त्यांनी बरीच वर्षं आराखडे काढले. छपराची मापं घ्यायची, किती किलोवॅटची यंत्रणा बसवायची ते ठरवायचं, अंदाजपत्रक करायचं. सही साहेबांची असायची. मग एकदा साहेबांनी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात गरजेच्या दुप्पट पॅनल मारले, आणि ते वन्संच्या आराखड्यातले आहेत असं सांगितलं. वन्संनी त्याच दिवशी आपल्या टेबलाचा खण रिकामा केला.

घरी आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. सोफ्याची हकालपट्टी झाली. मी हिशेब आणि टायपिंग करते म्हणून मला पगारावर ठेवलं, आणि पगारात न धरलेलं काम म्हणजे मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरणं. त्यांनी स्वतःला एक वर्षाची मुदत दिली होती. वर्षभरात कारखान्याचं एक तरी काम मिळालं तर ऑफिस चालू ठेवायचं, नाहीतर जुन्या साहेबांकडे परत जायचं. साहेबांनी खुर्ची राखून ठेवली होती आणि तसं ते अधूनमधून फोन करून ऐकवतही होते. वर्ष सरत आलं तेव्हा आमच्याकडे झालेली कामं म्हणजे काही घरं, एक दवाखाना आणि शिकवणीच्या वर्गांची एक इमारत. पुढच्या खोलीत सोफा परत येणार अशी मला जवळजवळ खात्री झाली होती. आणि खरं सांगायचं तर मला तो सोफा नको होता.

तेवढ्यात बर्फाच्या कारखान्याचा फोन आला. मालक म्हणाले, विजेच्या बिलाने नाकी नऊ आलेत, छपरावर काय होतंय ते बघून जा. त्यांनी आणखीही एकाला बोलावलं होतं. तो गृहस्थ चकचकीत बूट घालून, चकचकीत माहितीपत्रकं घेऊन आला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून त्याने छप्पर बघितलं आणि परत गेला. मी त्याचं नाव चकचकीत ठेवलं.

आम्ही मात्र भर दुपारी पत्र्यावर. वन्सं पत्र्याला खालून आधार देणाऱ्या कैच्यांच्या रेषेवरूनच पाय टाकत होत्या आणि मलाही तसंच चालायला लावत होत्या, कारण मधला पत्रा जुना होता. लांबी, रुंदी, उतार, दिशा सगळं टिपलं. शेजारच्या इमारतीच्या जिन्याची खोली वर आलेली होती. उन्हाळ्यात तिची सावली कुंपणाच्या आत सुद्धा येत नव्हती, पण वन्संनी उंची मोजून आकडेमोड केली आणि हिवाळ्यात ती जिथवर येणार होती तिथवर खडूने रेघ मारली. रेघेच्या सावलीकडच्या बाजूला एकही पॅनल नाही. त्यांच्या हिशेबाने पाऊण छप्पर उरलं. चकचकीतने अख्खं छप्पर धरलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

मग बिलं. वर्षभराची बिलं वन्संनी टेबलावर मांडली आणि मला म्हणाल्या, "किती वीज वापरली ते ह्यात आहे. कधी वापरली ते नाही." म्हणून एक अख्खा दिवस आम्ही मीटरपाशी स्टूल टाकून बसलो. दिवसभर मीटर पेंगत होता. संध्याकाळी मशीन सुरू झालं आणि मग तो जो पळायला लागला तो विचारू नका. कारखाना रात्री चालत होता. पहाटे मासळीबाजाराचे टेम्पो यायचे, त्यांना लाद्या तयार लागायच्या. शिवाय रात्रीची हवा थंड, मशीनला ताण कमी. आणि तिसरं कारण म्हणजे पहिल्यापासून तसंच होतं.

आता सूर्य काही रात्रपाळी करत नाही. दिवसा छपरावर वीज होणार आणि कारखाना झोपलेला, म्हणजे ती सगळी वीज कंपनीच्या तारेत जाणार. कंपनी आपल्याला वीज मिठाईच्या भावाने विकते आणि आपली घेताना रद्दीचा भाव देते. अशाने घातलेला पैसा परत यायला नऊ वर्षं लागत होती. मालक एवढं थांबणार नव्हते. थांबायला सांगणं बरोबरही नव्हतं.

पण वन्सं हटल्या नाहीत. बर्फाचे डबे ज्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवतात, ती टाकी म्हणजे एक खोलीच असते. वन्सं म्हणाल्या, ही थंडी धरून ठेवत असेल तर दिवसा बर्फ करून रात्रभर नुसता ठेवता येईल. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना, त्यांनी टाकीत सकाळी थर्मामीटर सोडला आणि संध्याकाळी काढला. पारा जेमतेम चढला होता. मी वन्संना इतकं खूश क्वचित बघितलंय. बॅटरी नको, काही नको, फक्त मशीन रात्रीऐवजी दिवसा चालवायचं. नऊ वर्षांची पाच झाली. अंदाजपत्रक मी टाइप केलं, वन्संनी सही केली, मालकांनी वाचलं आणि म्हणाले, हे जमण्यासारखं दिसतंय. त्या दिवशी घरी येताना वन्संनी रिक्षा केली, यावरून काय ते ओळखा.

दोन दिवसांनी सकाळी सकाळी दारात एक माणूस उभा. हातात डब्याची पिशवी, डोळे तांबारलेले. हे मशीनकाका. कारखान्याचं मशीन चालवणारे. आम्ही कधी सकाळी कारखान्यात गेलो तर ते पाळी संपवून बाहेर पडत असायचे. नमस्कार व्हायचा, संपलं. आत्ताही ते पाळीवरून तडक आले होते. मी पाणी दिलं ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"बाई, तुम्ही मला दिवसा धरलंय म्हणे," ते म्हणाले.

वन्संनी समजावून सांगायला सुरुवात केली, टाकी, पारा, पाच वर्षं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मशीनबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. दिवसा चालेल, म्हणाले, जरा जास्त तापेल, पण चालेल. अडचण मशीनची नव्हती. त्यांच्या बायकोचं डावं अंग लुळं पडलेलं. मुलगी दिवसभर नोकरीवर, संध्याकाळी घरी येणार. म्हणून रात्र मुलीची आणि दिवस काकांचा. आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची आणि मधेमधे स्वतः डोळा लावायचा. परक्या बाईचा हात काकू लावून घेत नाहीत. एकदा ठेवून बघितली होती बाई, काकूंनी दोन दिवस अन्न तोंडात घेतलं नाही.

"छपराची तुम्ही लांबी मोजलीत, रुंदी मोजलीत," काका म्हणाले, "मला एक शब्द विचारला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं."

आवाज चढवला नाही माणसाने. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. ते गेले आणि वन्संनी छपराचा आराखडा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "वहिनी, मी शेजारच्याच्या जिन्याची सावली धरली आणि ह्या माणसाचं घर धरलं नाही."

मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, काकांनी मलाही सांगितलंय, वाईट वाटतं, पण काय करणार, दिवसासाठी दुसरा माणूस बघू. चकचकीतने त्यांना आधीच सांगितलं होतं की कारखाना हवा तेव्हा चालवा, आम्ही अख्खं छप्पर भरून देतो, वीज कंपनीला विका आणि मजा करा. त्याचं अंदाजपत्रक त्यांच्या टेबलावर काचेखाली होतं. आमचं काचेवर.

घरी आल्यावर मी वन्संना म्हटलं, दुसरा माणूस ठेवणार आहेत ते मालक, तुम्ही नाही. तुमचं काम पॅनलचं. वन्सं म्हणाल्या, "दिवसा चालवा असं कुणाच्या कागदावर लिहिलंय?" कागद त्यांचा होता आणि टाइप मी केला होता.

पुढचा आठवडा त्यांनी त्या एका अडचणीला वाहून घेतला. बॅटरी धरून बघितली, तर खर्च असा फुगला की यंत्रणा विकत घेण्यापेक्षा कारखाना विकत घेणं स्वस्त. संध्याकाळी मुलगी घरी आल्यावर काकांनी यायचं असं धरून बघितलं, तर तोवर ऊन निघून गेलेलं. यंत्रणा निम्मी करून बघितली, तर मालकांचं बिल निम्म्यानेही उतरेना. रोज एक आराखडा केराच्या टोपलीत. जुन्या साहेबांचा फोन येऊन गेला. वन्संनी तो घेतला, ऐकला, कळवते म्हणाल्या आणि परत पट्टी हातात घेतली. मला त्यांची दया यायला लागली होती, आणि दया आली की मी चिडते. जेवताना मी म्हटलं, सोडा आता. त्यांनी ताटाशेजारी नवा कागद पसरला.

मग एक दिवस छपरावरून खाली येणाऱ्या केबलचा मार्ग पक्का करायला आम्ही परत कारखान्यात गेलो. मशीनघराला लागून एक बंद खोली होती. कुलूप होतं, खिडकीची काच धुळीने आंधळी झालेली. वन्संनी पदराने काचेचा एक गोल पुसला आणि डोळा लावला. लाद्या उचलणाऱ्या माणसाला विचारलं तर म्हणाला, अडगळ आहे. खिडकी मोठी होती आणि ती मशीनघरात उघडत होती. वन्संनी बाहेरून दार मोजलं. मागच्या अंगणाकडची भिंत मोजली.

"आता पॅनल खोलीत लावणार का?" मी टेपचं टोक धरून विचारलं.

"टेप ताण," त्या म्हणाल्या.

तिथून त्या मला घेऊन तडक काकांच्या घरी. दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. काका काकूंचे केस विंचरत होते. वन्सं काकांशी बोलतील म्हणून मी दाराशीच थांबले, पण त्या सरळ पलंगापाशी गेल्या, स्टूल ओढलं आणि काकूंना विचारायला लागल्या. मशीनघराशेजारी खोली आहे. दार रुंद करून घेऊ म्हणजे चाकाची खुर्ची आत जाईल. न्हाणीघर करून घेऊ, धरायला दांडा लावू. मशीनच्या गॅसचा वास कधी सुटला तर लगेच बाहेर पडता यावं म्हणून मागे अंगणात दुसरं दार काढू, आणि मशीनकडची खिडकी न उघडणारी, पक्क्या काचेची करू. काका दिवसा तिथे काम करतील आणि हाकेच्या अंतरावर असतील. याल का?

काकूंचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

"मला विचारतेस?" त्या म्हणाल्या.

"तुम्हालाच."

काकू नवऱ्याकडे बघून हसल्या, अर्ध्या तोंडाने. "लग्न झाल्यापासून हे रात्री जातात. कुठे जातात ते मी बघितलेलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "खिडकीतून दिसेल का?"

दिसेल, असं वन्संनी सांगितलं. काका कंगवा हातात घेऊन तसेच उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

नवीन अंदाजपत्रकात पॅनल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, केबल, मजुरी यांच्या खाली एक ओळ आली. खोली. दार, न्हाणीघर, दांडा, खिडकी, मागचं दार, पलंग. वसुलीची मुदत काही महिन्यांनी वाढली आणि वन्संनी ती ठळक अक्षरात टाइप करायला लावली. मी म्हटलं, हे निदान सांगाड्याच्या खर्चात मिसळून टाकू या, कुणाला कळायचं नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आणखी ठळक केलं.

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मालक हाडाचे व्यापारी. पॅनलवर घासाघीस, केबलवर घासाघीस, इन्व्हर्टरच्या किमतीवर तर त्यांनी अर्धा तास काढला. वन्संनी जिथे सोडता आलं तिथे सोडलं आणि जिथे नाही तिथे कारण सांगितलं. सगळं जुळत आलं. मग ते खोलीच्या ओळीवर आले, पेन उचललं आणि काट मारली. एक अक्षर बोलले नाहीत. नंतर म्हणाले, एवढं सोडून बाकी मान्य, आत्ता सही करतो.

पेन उघडं होतं. कागद समोर होता. वर्ष संपायला आलं होतं. मी टेबलाखालून वन्संच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"ती ओळ नसेल तर बाकीचेही आकडे खरे नाहीत," वन्सं म्हणाल्या. "दिवसा मशीन चालवणारा माणूस त्या ओळीत आहे."

मालक म्हणाले, माणसं मिळतात. वन्सं म्हणाल्या, मिळतील, पण मग तो हिशेब दुसऱ्या कुणाच्या सहीने होऊ दे, माझ्या नाही. आणि त्यांनी खरोखर कागद गोळा करायला सुरुवात केली. एकावर एक ठेवून कडा जुळवल्या. मी उठले. दुसरं काय करणार? मनात मी सोफा कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवत होते आणि त्या बाईचा मला भयंकर अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम.

दारापाशी जाऊन वन्सं थांबल्या. पूर्वीच्या वन्सं असत्या तर थांबल्या नसत्या. वळून म्हणाल्या, "एक विचारू का? केबलच्या मीटरमीटरला तुम्ही माझ्याशी भांडलात. ह्या ओळीला भांडला नाहीत, नुसती काट मारलीत. असं का?"

मालकांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ती अडगळीची खोली नाही. बाबा बसायचे तिथे."

ती खिडकी त्यांच्या वडिलांनी पाडून घेतली होती, मशीन नजरेसमोर राहावं म्हणून. शेवटच्या आजारातसुद्धा ते रोज येऊन बसायचे. ते गेले आणि मुलाने कुलूप लावलं. खुर्ची आत तशीच होती. ती उचलायला कुणाला सांगायचं त्यांना धाडस झालं नव्हतं, आणि आज आम्ही तिथे न्हाणीघर काढायला निघालो होतो.

वन्सं परत येऊन बसल्या. 

"खुर्ची हलवायची नाही," वन्सं म्हणाल्या. "खिडकीपाशीच राहू दे. काकूंना बसायला तशीच लागेल."

मालकांनी किल्ली खणातून काढली. खोली उघडायला ते स्वतः आले, कुलूप गंजलेलं होतं म्हणून तेलही त्यांनीच घातलं. आत गेल्यावर त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मग रुमालाने तिची धूळ झटकली. सही त्यांनी त्याच खिडकीच्या चौकटीवर कागद ठेवून केली. काट मारलेल्या ओळीशेजारी 'कायम' असं लिहिलं.

काम उरकायला अडीच महिने लागले. पत्रा दोन ठिकाणी बदलावा लागला, वीज कंपनीच्या तपासनिसाने तीन खेपा घालायला लावल्या, आणि वन्संनी सांगाड्याचा एकेक बोल्ट स्वतः पिळून बघितला. जुन्या साहेबांना त्यांनी फोन केला आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. मी शेजारीच उभी होते, मला ऐकायचंच होतं.

ज्या दिवशी मशीन पहिल्यांदा उन्हावर चाललं त्या दिवशी आम्ही सकाळपासून तिथे होतो. काका काकूंना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आले, रुंद दारातून आत नेलं आणि उचलून खिडकीपाशी बसवलं. मग मशीन सुरू केलं. काकूंनी एवढा आवाज असेल अशी कल्पना केली नव्हती. पहिला तासभर त्या घाबरल्यासारख्या बघत होत्या, नंतर त्यांनी काकांना बोलावून एकेक तबकडी कशाची म्हणून विचारून घेतलं. हा काटा इथवर गेला तर चालतो, त्या लाल रेघेपाशी आला की झडप फिरवायची, असं काका काचेला बोट लावून सांगत होते. त्यांच्या बोलण्याला घाई नव्हती.

दुपारी ऊन ऐन भरात होतं. मीटरचे आकडे बघून वन्संनी मला कोपराने ढोसलं, म्हणजे त्या प्रचंड खूश होत्या. इकडे काकांचा रोजचा डोळा लावायचा वेळ झाला होता. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते? मशीनपाशी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर आली.

काटा हळूहळू वर सरकत होता. माझं लक्ष नव्हतं, वन्संचं मीटरवर होतं. एकदम काचेवर टकटक झाली, मग आणखी जोरात. काकू चांगल्या हाताने खिडकी वाजवत होत्या.

काका दचकून उठले. काट्याकडे बघितलं, झडप फिरवली आणि काटा खाली येईपर्यंत उभे राहिले. मग खिडकीकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "बघितलं होतं मी."

काकूंनी शब्द जुळवायला थोडा वेळ घेतला.

"मी आधी बघितलं," त्या म्हणाल्या.